तीन लाखांच्या गिटारमध्ये तीन लाखांचं नेमकं असतं काय?

हे गेल्या भागाचं लिखित रूप. बोलताना जे "अं", "म्हणजे ना" वगैरे होतं ते गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यांनी आरामात वाचा, घाई नाही.

नागपूरच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. पाच वर्षं नोकरी करून त्याने गिटारसाठी वेगळे पैसे बाजूला टाकलेत. बजेट तीन लाख, थोडं इकडेतिकडे. घरच्यांना अजून आकडा सांगितलेला नाही (शहाणा आहे). त्याचा प्रश्न असा: "दादा, गिब्सन घेऊ, पीआरएस घेऊ, फेंडर घेऊ की सूर? बिल्ड क्वालिटी सगळ्यात भारी कुणाची?"

सूर म्हणजे अमेरिकेतली 'सूर गिटार्स' बरं का. जॉन सूर नावाच्या माणसाची कंपनी. नाव आपल्याला मराठीच वाटतं, त्याला इलाज नाही.

आता या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवर शोधलंत तर दोन टोकं सापडतात. एक म्हणतो गिब्सनची क्वालिटी गेली, लोगोचे पैसे घेतात. दुसरा म्हणतो लाकडाचा तुकडा आहे रे, वीस हजारांची पण तशीच वाजते. दोघंही एकाच गोष्टीत घोळ घालतात. डिझाइन वेगळं आणि बांधणी वेगळी. आमच्या धंद्यात सांगायचं तर, स्पेकमध्येच गडबड आहे की स्पेक बरोबर असून कोड लिहिताना गडबड झाली, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता "क्वालिटी खराब" म्हटलं की टेस्टर आणि डेव्हलपर दोघंही भांडत बसतात आणि बग तिथेच राहतो.

सर्वांत चांगलं उदाहरण गिब्सन लेस पॉलचंच आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

लेस पॉल हे मॉडेल १९५२ चं. त्याची सगळ्यांना माहीत असलेली तक्रार कोणती? पडली की हेडस्टॉक तुटतो. हेडस्टॉक म्हणजे वरचं डोकं, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात. स्टँडवरून गिटार आडवी झाली, फार जोरात नाही, तरी मानेपाशी कट्‌कन आवाज येतो आणि माणूस खालीच बसतो. लोक म्हणतात, एवढे पैसे घेऊन असली बांधणी? पण बांधणीचा यात फारसा दोषच नाही. तीन गोष्टी एकाच ठिकाणी येतात. पहिली, हेडस्टॉक मागे १७ अंशांत झुकलेला असतो, त्यामुळे गिटार पाठीवर पडली की पहिला मार त्यालाच. दुसरी, मान आणि डोकं एकाच महोगनीच्या फळीतून कापतात. फळीचे रेषे मानेत सरळ जातात, पण डोकं तिरकं असल्यामुळे तिथे तेच रेषे आडवे तुटतात. लाकूड फोडणाऱ्या कुणालाही विचारा, रेषेच्या दिशेने कुऱ्हाड घातली की ढलपी लगेच निघते. तिसरी गोष्ट, मानेच्या आत असलेल्या लोखंडी ट्रस रॉडचा नट नेमका तिथेच बसवलेला, म्हणजे आधीच अशक्त जागेतून अजून लाकूड कोरून काढलेलं.

यातली गंमत पुढे आहे. गिब्सनला हे कळत नव्हतं असं नाही. साठच्या दशकाच्या मध्यात त्यांनी कोन १४ अंशांवर आणला. १९७० च्या आसपास मानेच्या मागे त्या जागी लाकडाचा छोटासा उंचवटा ठेवायला सुरुवात केली, त्याला व्हॉल्यूट म्हणतात. तीन तुकडे चिकटवून मान बनवायलाही घेतली. म्हणजे मजबुतीच्या हिशोबाने गिटार सुधारली! पण तोच काळ कंपनी नॉर्लिनच्या ताब्यात जाण्याचा आणि एकूण कारभार ढिला होण्याचा. त्यामुळे संग्राहकांच्या डोक्यात व्हॉल्यूट म्हणजे "वाईट काळातली गिटार" असं समीकरण बसलं. ऐंशीच्या दशकात व्हॉल्यूट गेला, १७ अंश परत आले, आणि आज लोक जास्त पैसे मोजून तीच जुनी, मोडणारी भूमिती मागून घेतात. याउलट कितीतरी स्वस्त गिटारींमध्ये हेडस्टॉकचा तुकडा वेगळा कापून तिरक्या सांध्याने मानेला चिकटवतात, त्याला स्कार्फ जॉइंट म्हणतात. लाकूड वाचावं हाही त्यात हेतू असतो, पण रेषे दोन्हीकडे सरळ राहतात आणि सांधा मजबूत होतो. म्हणजे पडल्यावर टिकण्याचीच परीक्षा घेतली तर पंचवीस हजारांची गिटार तीन लाखांच्या गिटारला हरवू शकते. आता सांगा, "बिल्ड क्वालिटी" कुणाची चांगली?

म्हणून माझं म्हणणं असं, की बांधणीची तुलना करायची तर डिझाइन स्थिर ठेवायचं. शाळेच्या प्रयोगात एकच गोष्ट बदलतो ना, तसं. फेंडरची तुलना गिब्सनशी करून काही हाती लागत नाही. फेंडरची तुलना सूरशी करा, गिब्सनची पीआरएसशी करा.

आधी फेंडर आणि सूर.

लिओ फेंडर गिटार वाजवत नव्हता, तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यामुळे त्याने १९५० मध्ये टेलिकास्टरचं आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरचं जे डिझाइन बाजारात आणलं ते कारखान्याच्या डोक्याने केलेलं आहे. मान वेगळी, बॉडी वेगळी, चार स्क्रूंनी जोडायची. मान खराब झाली? काढा, दुसरी लावा. हेडस्टॉक सपाट, म्हणून मोडण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. सोपं, स्वस्त, दुरुस्त करता येणारं. पण याच सोपेपणात एक मेख आहे: मान बॉडीतल्या ज्या खाचेत बसते ती खाच नीट कापलेली नसेल तर मान डावी-उजवीकडे सरकते, आणि वरची किंवा खालची ई तार पट्टीच्या कडेवरून घसरते.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर विकत घेतली. सत्तरच्या दशकात स्ट्रॅटची मान चारऐवजी तीन स्क्रूंवर आली, सोबत मानेचा कोन बदलायची नवी सोय आली. कल्पना खरं तर हुशारीची होती. पण खाचा ढिल्या कापल्या जात होत्या, आणि तीन स्क्रूंच्या मानेला ढिली खाच म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तीन स्क्रूंना लोक आजही शिव्या घालतात. माझ्या मते त्यातल्या निम्म्याहून जास्त शिव्या खाचेला जायला हव्यात. मूळ आराखडा तोच, नाव तेच, गाव तेच, आणि बांधणी खाली गेली. दुसरीकडे १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्ये काम सुरू केलं, मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात. तिथून निघालेल्या पहिल्या काही वर्षांच्या स्क्वायर, म्हणजे फेंडरचा स्वस्त ब्रँड, आज जुन्या बाजारात लोक शोधत फिरतात. नाव स्वस्त, देश दुसरा, बांधणी मात्र चोख. "मेड इन अमुक" हा शिक्का पाहून क्वालिटी ठरवणाऱ्यांसाठी एवढं एक उदाहरण पुरे.

आता जॉन सूर. हा माणूस आधी न्यूयॉर्कमध्ये रूडी पेन्साच्या दुकानात काम करायचा, तिथे बनलेल्या पेन्सा-सूर गिटार मार्क नॉफ्लरने वाजवल्या. नव्वदच्या दशकात तो फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये मास्टर बिल्डर होता. १९९७ मध्ये स्वतःची कंपनी काढली, कॅलिफोर्नियातच, लेक एल्सिनोरला. त्याची सर्वांत प्रसिद्ध गिटार लांबून बघितली तर लिओचीच स्ट्रॅट आहे. मग लोक दीडपट-दुप्पट पैसे कशाचे देतात? मुख्यतः फ्रेटचे.

फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. सतारीला पडदे असतात, ते दोऱ्याने बांधलेले. मिरजेत बनलेली सतार वाजवणारा माणूस एखादा पडदा बेसूर वाटला तर हाताने जरासा सरकवतो, झालं. गिटारमध्ये ती सोय नाही. फ्रेट खाचेत ठोकलेला, जन्मभर तिथेच. त्यामुळे दोन गोष्टी अचूक लागतात, जागा आणि उंची.

जागेचं गणित सोपं आहे. प्रत्येक फ्रेटला तारेची लांबी १.०५९४६ ने भागत जायचं, म्हणजे दोनाचं बारावं मूळ. फेंडरच्या ६४८ मिलिमीटर लांबीवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोब्बर मध्यावर, ३२४ वर. समजा अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली. पहिल्या फ्रेटवर सूर साधारण १.४ सेंटने हलेल, सेंट म्हणजे एका सेमीटोनचा शंभरावा भाग. हे कानाला कळत नाही. पण बाविसाव्या फ्रेटवर तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक जवळपास ५ सेंट होते. हे मात्र खटकू लागतं. पूर्वी स्वस्त गिटार इथे मार खायच्या. आता खाचा कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन कापते, आणि पंधरा हजारांच्या गिटारचे फ्रेटही जागेवरच असतात. हा फरक जवळपास मिटला.

उरली उंची. मानेला मध्ये अगदी किंचित, पाव मिलिमीटरच्या आसपास बाक ठेवतात, दोन-तीन कागदांची जाडी समजा. तार फ्रेटच्या वर इतक्या कमी अंतरात थरथरते, की एखादा फ्रेट शेजाऱ्यापेक्षा कागदाच्या जाडीइतका जरी वर राहिला तरी तिथे खर्र आवाज येतो. मग तुम्ही काय करता? तारा उंच करता. मग बोटं दुखतात, दाबताना सूर चढतो, आणि "मला बारे जमतच नाहीत" म्हणून गिटार कपाटावर जाते. कितीतरी जणांची गिटार सुटण्यामागे त्यांचा आळस नसतो, त्यामागे दोन उंच फ्रेट असतात, असं मला मनापासून वाटतं.

फ्रेट एका पातळीत आणण्यासाठी बर्लिनमध्ये प्लेक नावाचं मशीन तयार झालं. गिटारला तारा लावून, पूर्ण ताणात, ते प्रत्येक फ्रेटची उंची मोजतं आणि मग तेवढंच घासतं. सूर वापरतात, गिब्सनही वापरतं. म्हणजे मशीन दोघांकडे आहे. मग फरक कुठे पडतो? मशीनच्या आधी आणि नंतर. फ्रेट खाचेत घट्ट बसलाय का, मशीननंतर फ्रेटची टोकं हाताने किती वेळ घासली, नटची खाच किती खोल कापली, आणि शेवटी कुणीतरी बसून ती गिटार वाजवून बघितली का. हे सगळे माणसाचे तास आहेत. छोट्या कंपनीला दिवसाला थोड्याच गिटार काढायच्या असतात, ती हे तास देऊ शकते. मोठ्या कंपनीतही उत्तम कारागीर आहेत, पण पट्टा पुढे सरकत असतो. सूर शिवाय बऱ्याच मॉडेल्सवर स्टेनलेस स्टीलचे फ्रेट देते. ते इतके कडक असतात की कारखान्याची अवजारं लवकर झिजतात, म्हणून ते बसवणं महाग पडतं. नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे, ज्यात चांदीचा कणही नसतो, तांबं-जस्त-निकेल असतं. मुंबईचा घाम आणि रोजचा दोन तास सराव असेल तर काही वर्षांत तारांखाली खळगे पडतात. स्टेनलेसला ती काळजी फार कमी.

एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या फेंडरची पट्टी जास्त गोलसर असते, ७.२५ इंच त्रिज्येची. वरच्या फ्रेटवर तार जोरात ओढली की सूर मध्येच दबतो. दुकानात हे ऐकून "बांधणी वाईट" म्हणू नका. ते १९५० च्या दशकातलं डिझाइन आहे, आणि कॉर्ड वाजवणाऱ्याच्या हाताला ते फार गोड लागतं.

आता गिब्सन आणि पीआरएस. इथे तुलना करायला कोर्टानेच मदत केली आहे म्हणा. पॉल रीड स्मिथची कंपनी १९८५ ची, मेरीलँडमधली. त्यांनी सिंगलकट नावाची एका शिंगाची गिटार काढली तेव्हा गिब्सनने लेस पॉलची नक्कल म्हणून खटला भरला. २००४ मध्ये उत्पादन थांबवायचा हुकूम झाला, २००५ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. म्हणजे आकारात साम्य किती ते समजून घ्या. आणखी एक धागा आहे: १९५० ते १९६६ गिब्सनचे अध्यक्ष असलेले टेड मॅकार्टी, ज्यांच्या काळात लेस पॉल जन्मली, त्यांनाच स्मिथने पुढे सल्लागार म्हणून बोलावलं होतं. म्हणजे घरातलं गुपित घरातल्याच माणसाकडून.

फरक बघा. गिब्सनच्या हेडस्टॉकवर मधल्या तारा, विशेषतः डी आणि जी, नटमधून बाहेर पडल्यावर बाजूला वळतात. वळणावर घर्षण होतं, तार अडकते, आणि जी तार गाण्याच्या मध्येच उतरते. पीआरएसने खुंट्या अशा मांडल्या की तारा जवळजवळ सरळ जातात. हे डिझाइन झालं. बांधणीचं म्हणाल तर पीआरएसच्या मेरीलँडच्या गिटारचं नाव एकाच गोष्टीसाठी आहे: भिंतीवरच्या तीन उचला, तिन्ही हाताला सारख्या लागतात. गिब्सनच्या तीन उचला, एक साधी, एक बरी, आणि एक अशी की खाली ठेववत नाही. याच कारणाने पीआरएसला टोमणा बसतो, "डेंटिस्टची गिटार", म्हणजे भिंतीवर शोभेला. मला तो टोमणा आळशी वाटतो. सातत्य हा दुर्गुण कधीपासून झाला?

गिब्सनच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांच्या पट्टीच्या कडेला पांढरट प्लास्टिकची किनार असते, आणि काही मॉडेल्सवर प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी त्या किनारीचा छोटा उंचवटा हाताने तासून ठेवतात. हे किचकट काम आहे. वर्षांनुवर्षांनी किनार आकसली की त्या फटीत बारीक तार अडकते, हेही खरं. त्यांचा रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, पातळ, मऊ, वयाबरोबर बदलणारा. तो खराब नाही, नाजूक आहे. आपल्याकडच्या रबरी स्टँडवर ठेवलात तर रबराची त्याच्याशी रासायनिक क्रिया होऊन कायमचा डाग पडतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा, जुना टी-शर्ट चालेल.

आणि एक किस्सा ज्यात आपला सह्याद्री येतो. गिटारच्या पट्टीसाठी जगभर वापरतात ते इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसव, आजीच्या घरातल्या काळ्याभोर कपाटाचं. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे टाकले, भारतातून आलेल्या लाकडाच्या कागदपत्रांवरून. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून छापा पडलाच होता. २०१२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला, आणि जप्त केलेलं भारतीय लाकूड त्यांना परत मिळालं. पण त्या मधल्या काळात काही गिब्सनवर शिसवाऐवजी भाजलेल्या मेपलची पट्टी आली. लोकांनी लगेच ठरवलं, क्वालिटी घसरली. भाजलेलं मेपल हवामानात उलट कमी हलतं! आज महाग कंपन्या तेच "रोस्टेड मेपल" म्हणून अभिमानाने विकतात.

बरं, दुकानात गेल्यावर बघायचं काय? गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि मानेकडे बघा. दोन्ही कडेच्या तारा पट्टीच्या काठापासून सारख्या अंतरावर हव्यात. फ्रेटच्या टोकांवरून तळहात वर-खाली फिरवा, टोचलं तर विचारा का. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट हळू वाजवा, सगळे, हो, कंटाळा आला तरी. ॲम्प्लिफायर बंद ठेवून. मोबाइलवरच्या ट्यूनरने मोकळी तार आणि बारावा फ्रेट जुळतो का पाहा. ट्यून करताना नटपाशी "टिंक" असा आवाज येत असेल तर नटची खाच अरुंद आहे, हे काम स्वस्तात दुरुस्त होतं. तारांची उंची जास्त असणं, मानेचा बाक, सूर थोडा इकडेतिकडे, हे सेटअपचे प्रश्न आहेत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतून जहाजाने मुंबईला आलेली कुठलीही गिटार सेटअप मागणारच. वाकडी मान, ढिला फ्रेट, चुकीच्या जागी बसलेला ब्रिज, हे मात्र परत करण्याचे प्रश्न.

नागपूरच्या मित्रा, आता तुझं उत्तर. तुझी ही एकच चांगली गिटार असणार आहे आणि तू बँडमध्ये वाजवतोस, त्यामुळे आवाज लेस पॉलच्या जवळचा हवा असेल तर मी पीआरएसकडे झुकेन. मेरीलँडची कोअर मालिका तीन लाखांत बसणार नाही, म्हणून त्याच कारखान्यातली खालची एस-टू मालिका बघ, किंवा सेकंडहँड. तुझ्या डोक्यात लहानपणापासून गिब्सनच असेल तर गिब्सनच घे, पण ऑनलाइन न मागवता स्वतः उचलून, चारपाच वाजवून घे. स्वच्छ, चमकदार आवाज हवा असेल तर फेंडरच्या अमेरिकन मालिकेतली एक निवड, उरलेल्या पैशांत पुढे स्टेनलेसचे फ्रेट बसवून घे. तेवढ्याने तू सूरच्या बराच जवळ पोचतोस.

आणि तुमच्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचायला लागतात. ब्रँड कोणताही असो. गिटार कूलरच्या झोतासमोर उभी करून ठेवू नकोस, दिवसा ओली आणि रात्री कोरडी असं रोज झालं तर तीन लाखांची मानही वाकते. वाजवून झाली की केसमध्ये, आणि केसमध्ये काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के दिसलं की झोप.

पुढच्या भागात पिकअप. प्रश्न व्हॉइस मेसेजनेच पाठवा, टाइप केलेले वाचायला मला ऑफिसच्या ईमेल पुरेशा आहेत.